पेनसिल्व्हेनियात पुन्हा डेंटिस्ट होताना

नवऱ्याच्या नोकरीमागून अमेरिकेत आलेल्या डेंटिस्ट बायकांची एक वेगळी जमातच आहे. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला एक्स्टन, डाउनिंगटाउनकडे कुठल्याही मराठी घरच्या गणपतीला जा, आरती झाली की स्वयंपाकघराच्या ओट्याशी दोघी-तिघी भेटतातच. पहिला प्रश्न 'येऊन किती वर्षं झाली' हा नसतो, 'आयएनबीडीई दिलीस का' हा असतो. आयएनबीडीई म्हणजे इथली डेंटिस्टांची राष्ट्रीय परीक्षा. मी त्या ओट्याशी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मिरजेतला चालता दवाखाना मैत्रिणीच्या हवाली करून आले होते. सासूबाई फोनवर विचारायच्या, "अगं, तू तर डॉक्टर आहेस ना? मग आता परीक्षा कसली?"

परीक्षा अशी, की इथे आपली बीडीएस घेऊन कुणाच्या तोंडात हात घालता येत नाही. पेनसिल्व्हेनियात डेंटिस्टचा परवाना हवा तर इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजची डीएमडी किंवा डीडीएस पदवी लागते. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप करून मिळवलेली आपली पदवी उपयोगी पडते ती त्या कॉलेजच्या दारापर्यंत. परदेशी डेंटिस्टांसाठी त्या दाराला एक बाजूची खिडकी आहे, ॲडव्हान्स्ड स्टँडिंग. सगळी चार वर्षं न करता मधल्या वर्गात घेतात आणि साधारण दोन-अडीच वर्षांत पदवी देतात. बहुतेक कॉलेजांचे अर्ज कॅपिड नावाच्या एकाच पोर्टलवरून भरायचे. जागा मोजक्या, आणि उमेदवार कैरोपासून कोईमतूरपर्यंतचे.

राज्यात जुनी डेंटल कॉलेजं तीन. फिलाडेल्फियात १८६३ पासूनचं टेम्पल आणि १८७८ पासूनचं पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं), पिट्सबर्गला १८९६ पासूनचं पिट. एरीमधल्या लीकॉमचं नाव यादीत दिसलं म्हणून मी खूश झाले होते, पण त्यांचं डेंटल कॉलेज आहे फ्लोरिडात. एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरची स्पेशालिटीची पदवी, झालेल्या मैत्रिणी थेट स्पेशालिटीच्या रेसिडेन्सीला अर्ज करतात. काहीजणी जीपीआर किंवा एईजीडी नावाचं एखाद्या वर्षाचं पदवीनंतरचं प्रशिक्षण करतात. त्यातून पुढे परवाना मिळेल की नाही, हे मात्र राज्यागणिक बदलतं. नवऱ्याची बदली होणार नसेल तर आधी आपल्या राज्याच्या बोर्डाचे नियम वाचावेत, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे नंतर.

आणखी दोन वाटा आहेत आणि आपल्याकडे त्यांच्याकडे उगाच नाक मुरडून बघतात. एक हायजीनिस्टची. कम्युनिटी कॉलेज ऑफ फिलाडेल्फियासारख्या ठिकाणी तो अभ्यासक्रम होतो, पगार बरा आणि तासही ठरलेले. दुसरी एफ्डा, म्हणजे वाढीव कामाची मुभा असलेली डेंटल असिस्टंट. पेनसिल्व्हेनियात डेंटिस्टने दात कोरून दिला की एफ्डा त्यात फिलिंग भरू शकते, त्याला आकार देऊ शकते. ओट्याशी या दोन्हींचा विषय निघाला की आवाज खाली जातो, जणू कुणाचं लग्न मोडलंय. मला त्यात कमीपणा दिसत नाही. ज्यांना मुलं लहान आहेत, कर्ज नको आहे, त्यांनी हायजीनची वाट धरली तर मी तर पाठ थोपटेन.

मी स्वतः ॲडव्हान्स्ड स्टँडिंगचं ठरवलं, पण तोवर घरात बसायचं नव्हतं. एच-फोरचं ईएडी, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामागून आलेल्या बायकोला मिळणारं नोकरीचं परवानापत्र, हातात आलं होतं. एक्स-रे काढायचा तर असिस्टंटलासुद्धा रेडिएशनची परीक्षा द्यावी लागते, ती दिली आणि एका छोट्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागले. सक्शन धरायचं, ट्रे लावायचा, ऑटोक्लेव्हच्या पिशव्यांवर तारीख घालायची. डॉक्टर रूट कॅनल करायचे आणि माझी बोटं आपसूक पुढच्या फाइलकडे, त्या मुळं साफ करायच्या बारीक सुईकडे, जायची. पण या कामाने जे शिकवलं ते कुठल्याच क्लासने शिकवलं नसतं. पेशंटशी इथे कसं बोलतात, नाही म्हणायचं तर कसं म्हणतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमा. इथे दातावर आधी कोड पडतो, मग दात कोरणारा बर फिरतो. डी-२७४० म्हणजे सिरॅमिकची कॅप, डी-१११० म्हणजे मोठ्यांचं क्लीनिंग. मिरजेत आम्ही 'काका, हजार कमी द्या, पण दात वाचवू' असं म्हणायचो. इथे पेशंट आधी विचारतो, माझा विमा किती देणार?

कागदपत्रांचं प्रकरण मात्र लांबलं. आपल्या विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. तपासणाऱ्या संस्थेच्या हिशेबी माझं माहेरचं आडनाव हे माझं पहिलं नाव ठरलं, आणि वडील कोण हे त्यांना कळेना. लग्नाचा दाखला, गॅझेट, नोटरीचं प्रतिज्ञापत्र, आणि प्रत्येक वेळी विद्यापीठातून नव्याने सीलबंद पाकीट. भाऊ बिचारा त्यासाठी नाशिकच्या खेपा घालत होता.

याच काळात पुण्याहून नणंद आणि नंदावे आले आणि त्यांना फिलाडेल्फिया दाखवायला नेलं. इंडिपेंडन्स हॉलमध्ये १७७६ चा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्ही एकाच दालनात मंजूर झाली. खोली आपल्या जुन्या शाळेच्या हॉलपेक्षा फार मोठी नाही, आणि तिथे उभं राहून मला बरं वाटलं ते त्या लहानपणामुळेच. समोरच्या लिबर्टी बेलला रांग मोठी आणि बघून होते पाच मिनिटांत. पण त्या घंटेवरची अक्षरं मी वाचत बसले. राज्याचं नाव तिथे एकाच 'एन'ने लिहिलंय. राज्यघटनेच्या सह्यांपाशीही तसंच आहे. तेव्हा दोन्ही रीती चालायच्या म्हणे. मी नणंदेला म्हटलं, "वन्सं, यांची घटना स्पेलिंगच्या तपासणीला पाठवली असती तर अजून परत आली नसती."

आयएनबीडीई दोन दिवसांची असते. पाचशे प्रश्न, पहिल्या दिवशी ३६० आणि दुसऱ्या दिवशी १४०. पास झालात तर निकालावर नुसतं 'पास' येतं, मार्क नाहीत. मार्कांवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे जरा अळणी लागतं. परीक्षेत पाठांतर कमी आणि पेशंट जास्त. एका चौकटीत त्याचं वय, तक्रार, आजार, ॲलर्जी, चालू औषधं देतात आणि मग विचारतात, आता काय कराल? मिरजेत सत्तरीच्या आजोबांना 'गोळ्या कुठल्या चालू आहेत' विचारलं की 'बीपीची, पांढरी' एवढंच उत्तर मिळायचं. इथल्या चौकटीतल्या म्हातारीला आठ-दहा औषधं असतात, त्यात एखादं हाडांसाठीचं, आणि तेच ओळखायचं असतं, कारण त्या औषधावर असलेल्या बाईचा दात काढला तर जबड्याचं हाड मरू शकतं. असिस्टंटच्या नोकरीचा इथे उपयोग झाला. ती औषधांची नावं मी रोज टाइप करत होते.

अभ्यासाचा कंटाळा आला की मी गाडी काढून शहरात जायची. हळूहळू लक्षात आलं की हे शहर घंटेचं आहे तितकंच दातांचंही आहे, फक्त टूर बसवाले ते सांगत नाहीत. बीडीएसला 'अँगल्स क्लासिफिकेशन', म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याची वर्गवारी, घोकलेलं कोण विसरेल? क्लास वन, क्लास टू डिव्हिजन वन. तो एडवर्ड अँगल १८७८ मध्ये याच गावातल्या पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीतून बाहेर पडला. त्याच्या आधी, १८७२ मध्ये, त्याच कॉलेजातून जॉन हॉलिडे नावाचा जॉर्जियाचा मुलगा पास झाला. त्याला क्षय जडला, खोकणाऱ्या डेंटिस्टकडे पेशंट येईनात, आणि पुढे पश्चिमेकडे जाऊन तो जुगारी आणि बंदूकबाज 'डॉक हॉलिडे' म्हणून गाजला. आणि या दोघांच्याही आधी, १८६९ मध्ये, प्रशियाहून आलेली हेन्रिएट हिर्शफेल्ड तिथून पदवी घेऊन बर्लिनला परतली आणि तिथे तिने दवाखाना थाटला. डेंटल कॉलेजचा अख्खा अभ्यासक्रम करून पदवीधर झालेल्या पहिल्यावहिल्या बायकांपैकी ती एक. म्हणजे परदेशी डेंटिस्ट बाई फिलाडेल्फियाला नवी नाहीच.

टेम्पलच्या डेंटल कॉलेजात एक ऐतिहासिक संग्रह आहे. त्यात 'पेनलेस' पार्कर या महाभागाची बादली आहे, उपटलेल्या दातांनी भरलेली. शिवाय ३५७ दातांची माळ. सगळे आपणच एका दिवसात काढले असा त्याचा दावा. हा १८९२ मध्ये इथूनच पास झाला. गाडीवर बॅंड घेऊन गावोगाव फिरायचा, दात ओढताना बॅंड जोरात वाजवायचा, म्हणजे ओरडणं कुणाला ऐकू जात नसे. जाहिरातीवरून बोर्डाने हरकत घेतली तर गड्याने कायदेशीररीत्या आपलं नावच 'पेनलेस' करून घेतलं. माझं नाव दुरुस्त करायला किती कागद लागले ते आठवून मला त्याचा हेवा वाटला.

पेनची इव्हान्स बिल्डिंग वेगळ्या थाटाची, चाळिसाव्या रस्त्यावरची जुन्या गॉथिक वळणाची इमारत. थॉमस इव्हान्स मूळचा फिलाडेल्फियाचाच. पॅरिसला जाऊन तिसऱ्या नेपोलियनचा दंतवैद्य झाला, अमाप पैसा केला. १८७० मध्ये साम्राज्य कोसळलं तेव्हा सम्राज्ञी युजिनी लपत छपत त्याच्याच घरी आली आणि त्याने तिला आपल्या बग्गीतून समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचवलं, तिथून ती इंग्लंडला निसटली. मरताना त्याने संपत्ती दंतविद्येच्या संस्थेसाठी ठेवली. ती बग्गीसुद्धा बरीच वर्षं पेनकडे होती. गावात दंगल पेटली असताना राजघराण्यातल्या बाईला डेंटिस्टचं दार आठवावं, ही मला आमच्या धंद्याला मिळालेली सगळ्यात मोठी पावती वाटते.

मुटर म्युझियम मात्र जेवून जाऊ नये. शरीरातल्या विकृतींचं ते भांडार आहे. आमच्या कामाचं तिथे एक बरणीतलं प्रकरण आहे, राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडच्या वरच्या जबड्यातून काढलेली गाठ. १८९३ चा उन्हाळा, देशात आर्थिक घबराट, म्हणून ही शस्त्रक्रिया गुपचूप एका यॉटवर केली. सगळं तोंडाच्या आतून, बाहेर एक टाका नाही, मिशीला धक्का नाही. जबड्यात राहिलेली पोकळी बुजवायला एका डेंटिस्टने रबराचा ऑब्च्युरेटर बनवून दिला आणि राष्ट्राध्यक्ष पुन्हा स्पष्ट बोलू लागले. फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराने बातमी फोडली तर त्यालाच खोटारडा ठरवलं. शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या डॉक्टर कीन यांनी १९१७ मध्ये सगळं छापून मोकळं केलं, तेव्हा कुठे त्याची अब्रू परत आली. बीडीएसला ऑब्च्युरेटर शिकवताना हे कुणी सांगितलं असतं तर प्रोस्थोच्या, म्हणजे कवळ्या-कॅपच्या, तासाला झोप लागली नसती.

मग आलं स्टेटमेंट ऑफ पर्पज. मी इथे का यावं, तुम्ही मला का घ्यावं, हे मोजक्या शब्दांत लिहायचं. फिलाडेल्फियातली मराठी बाई शिकायला निघाली म्हटलं की प्रत्येकजण आनंदीबाई जोश्यांचं नाव घेतो. मलाही मामांपासून मकानमालकिणीपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालं होतं आणि खरं सांगायचं तर मी कंटाळले होते. पण लिहिता लिहिता अडले म्हणून त्यांचा प्रवेशाचा अर्ज शोधून वाचला. त्यांच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची जुनी कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. अठरा वर्षांच्या त्या मुलीने १८८३ मध्ये साधारण असं लिहिलंय की प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पुऱ्या करत नाही, पण माझी गोष्ट वेगळी आहे, तेव्हा सांभाळून घ्या. एवढं सरळ. नाही तर आमचे एसओपी, 'लहानपणापासून मला हास्य फुलवायची ओढ होती' छापाचे! मी माझा मसुदा फाडला आणि मिरजेत रोज काय करत होते तेवढंच लिहिलं.

त्यांच्या चरित्रातली आणखी एक गोष्ट मला डेंटिस्ट म्हणून फार आवडते. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार वाइल्डर यांनी अमेरिकेत छापला. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात मिशनचं काम करायचे. तो अंक न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडला कुठे, तर डेंटिस्टकडे नंबर यायची वाट बघत बसल्या असताना. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं, पुढे स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, आणि ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला मुद्दाम आल्या होत्या. एखाद्या दाढेने मराठी समाजावर इतके उपकार केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. वेटिंग रूममध्ये जुनी मासिकं ठेवावीत ती यासाठी.

एका कॉलेजात बेंच टेस्ट होती. प्लास्टिकचे दात बसवलेलं डोकं समोर, हातात इलेक्ट्रिक हँडपीस, आणि ठरलेल्या वेळात कॅपसाठी दात घासून द्यायचा. सोपं वाटतं. पण खऱ्या दातात इनॅमल संपून बर डेंटिनमध्ये शिरला की हाताला कळतं, आवाज बदलतो, वास येतो. प्लास्टिकच्या दाताला असं काही नाही. जरा जोर दिला की वितळून बरला चिकटतं आणि मार्जिन, म्हणजे घासलेल्या भागाची कड, खरवडल्यासारखी दिसते. त्यात दातांचे आकडे वेगळे. आपण १६ म्हणतो ती वरची उजवी पहिली दाढ. इथे सगळे दात १ ते ३२ सलग मोजतात आणि १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. आपल्या १६ ला इथे ३ म्हणायचं. वर्षानुवर्षं केसपेपरवर १६ लिहिलेल्या हाताला हे पटत नाही. मी फ्रिजवर तक्ता चिकटवला होता आणि मुलगा घास खाताना कुठल्या नंबराने चावतोय ते सांगायचा. त्या कॉलेजातून पुढे काही उत्तरच आलं नाही. नकारसुद्धा नाही.

पिटच्या मुलाखतीला आम्ही गाडीने गेलो. राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, सगळा टर्नपाइक. १९४० मध्ये सुरू झालेला हा देशातल्या पहिल्या लांब पल्ल्याच्या द्रुतगती मार्गांपैकी एक, आणि त्याचे काही बोगदे त्याच्याही आधीच्या, अर्धवट सोडलेल्या रेल्वेसाठी खोदलेले. पिट्सबर्ग फिलाडेल्फियासारखं नाही. तीन नद्या, पूल, उतार, आणि मधेच उभी बेचाळीस मजली कॅथीड्रल ऑफ लर्निंग. तिच्यात वेगवेगळ्या देशांच्या नावाने सजवलेल्या वर्गखोल्या आहेत, भारताची खोली नालंदाच्या धर्तीवर विटांची. शाळेची इमारत चर्चसारखी उंच करायची कल्पना मला जरा अंगावर आली.

डेंटल कॉलेज सॉल्क हॉलमध्ये. जोनास सॉल्क यांनी पोलिओची लस तयार केली ती याच इमारतीत. तेव्हा हे संसर्गजन्य रोगांचं रुग्णालय होतं. १९५५ मध्ये लस यशस्वी ठरल्याचं जाहीर झालं. माझी आत्या त्यानंतर जन्मली आणि तरी तिचा उजवा पाय पोलिओने गेला, कारण तासगावजवळच्या वाडीवर तेव्हा लस पोचलीच नव्हती. दारावरचं नाव वाचून मी थोडा वेळ तिथेच थांबले. नवरा पार्किंगचं मीटर भरत होता म्हणून जमलं.

मुलाखतीत मला क्राउन-ब्रिजबद्दल विचारतील असं वाटलं होतं. विचारलं ते सबम्युकस फायब्रोसिसबद्दल. गुटखा-सुपारीने गालाची आतली त्वचा आवळत जाते आणि तोंड उघडेनासं होतं, तो आजार. इथे तो पुस्तकात भेटतो. मी म्हटलं, आमच्याकडे तो रोज रिक्षाने यायचा. मापायची आमची रीत दाखवली. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांत घालायची, निरोगी माणसाला ती मावतात. माझ्या एका पेशंटला एकही जात नव्हतं, वय पंचविसाच्या आत. बायको त्याला भाकरी दुधात कुस्करून द्यायची, तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी. समोरच्या दोन्ही प्राध्यापकांनी नकळत आपापल्या तोंडाशी बोटं नेली. मग मिश्री आली, मिश्रीने काळ्या पडलेल्या हिरड्या आल्या, आणि ठरलेला वेळ संपून गेला.

प्रवेश मिळाला. फीचा आकडा वाचून नवरा दोन दिवस नीट जेवला नाही. शिक्षण, राहणं, हत्यारं धरून वर्षाला लाख डॉलरच्या वर सहज जातात. इथल्या बॅंका जामीन मागतात, तोही नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला. आमच्यासाठी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका नागपूरकराने सही केली. आता नवरा आणि मुलगा एक्स्टनला, मी पिट्सबर्गला, आणि जमेल त्या शनिवारी टर्नपाइक.

क्लिनिकमध्ये पेशंट बघायला लागले आहे. प्रत्येक पायरीला शिक्षकाची सही लागते. भूल द्यायच्या आधी सही, कीड काढून झाली की सही, फिलिंग भरलं की सही. माझ्या टेबलावर सही करणारा डॉक्टर माझ्यापेक्षा बराच लहान आहे. परवा त्याने माझी मार्जिन एक्सप्लोररने, त्या टोकदार हत्याराने, दोनदा फिरवून बघितली आणि तिसऱ्यांदा घासायला लावली. बरोबर होतं त्याचं. हात चांगला आहे पोराचा.